घर खाली करताना गालिचा कोणी धुवायचा, आणि कसा

गालिचा साफ करायचा खर्च किरायेदाराचा की घरमालकाचा, हे दर उन्हाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतंच. आमच्या मोठ्या दिरांचा नागपुरात बेसा रोडवरचा फर्निचरसकट फ्लॅट मी सांभाळते. ते अमेरिकेत, किल्ली माझ्या फ्रिजवरच्या डब्यात. किरायेदार पाहणं, करार करणं, सोडताना डिपॉझिटचा हिशेब करणं, सगळं माझ्याच गळ्यात. त्याआधी आम्ही स्वतः प्रतापनगरात आणि मग त्रिमूर्तीनगरात किरायाने राहिलो आहोत, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू मला चांगल्या ठाऊक आहेत.

आधी उत्तर देते, मग बाकीचं. करारात "सोडताना व्यावसायिक सफाई करून द्यावी" असं लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर खर्च तुमचा. तसं काही लिहिलं नसेल, तर गालिचा जसा मिळाला तसा परत करायचा, रोजच्या वापराने होते तेवढी झीज सोडून. नवा करून द्यायचा नाही. आणि "जसा मिळाला" म्हणजे कसा, हे किल्ली देताना ठरत नाही, किल्ली घेताना ठरतं. म्हणून ज्यांनी आत्ता कुठे घर घेतलं आहे त्यांनीही हे वाचावं. त्यांनाच जास्त उपयोग आहे.

"बाप्पा, नागपुरात गालिचा कोण घालते?" असं माझी जाऊ म्हणते. पंचेचाळीस डिग्रीत गालिचा खरंच कोणी हौसेने घालत नाही. पण मिहान (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प), एम्स, आयआयएम यांच्यामुळे वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना फर्निचरसकट फ्लॅट पुष्कळ झाले, आणि बाहेर राहणारे मालक हॉलमध्ये सोफ्यापुढे एक जाड गालिचा टाकूनच ठेवतात. सिव्हिल लाइन्समधल्या काही जुन्या बंगल्यांत बेडरूमभर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट अजून आहे. आणि तिसरं म्हणजे प्लास्टिकचं, रोलवर मिळणारं, फरशी लपवायला टाकतात ते. त्यालाही लोक कार्पेटच म्हणतात. ते ओल्या फडक्याने पुसलं की झालं. त्यावर ॲसिड मात्र कधी टाकू नका, आणि सामान ओढत नेऊ नका, चिरतं. पुढचं सगळं खऱ्या, तंतूच्या गालिच्याबद्दल आहे.

कागद काय म्हणतो

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूने जागा घेतली त्या स्थितीत परत द्यावी असं आहे, पण दोन गोष्टी वगळून: वाजवी वापराने होणारी झीज, आणि ज्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही असं संकट. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार होतो तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा असतो. त्यात हे कलम जसंच्या तसं लागू करण्यापेक्षा करारातली भाषा महत्त्वाची ठरते. पण तत्त्व तेच उतरलेलं असतं. छापील मसुद्यात "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून" अशा अर्थाची ओळ असतेच. ती शोधा, पेनाने खूण करा.

संकटाचं उदाहरण आपल्याला लांब शोधायला नको. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट भागात तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. त्या पाण्यात भिजलेला गालिचा किरायेदाराने धुऊन द्यावा अशी कोणी अपेक्षा केली, तर ती चूक आहे. नाल्याचं पाणी मुरलेला गालिचा धुऊ नये, टाकूनच द्यावा. फक्त टाकण्याआधी फोटो काढून मालकाला पाठवावा.

दुसरा कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. हे सांगितलं की पुष्कळ मालक एकदम मवाळ होतात. नुसत्या नोटरीच्या कागदावर "एक महिन्याचा किराया सफाई व पेंटिंगसाठी कापण्यात येईल" असं कोणी दाखवलं, तर तो कागद नोंदवलेला आहे का, एवढंच विचारा. मी स्वतः मालकाच्या बाजूला बसते तरी हे सांगते, कारण दिरांचा करार मी ऑनलाइन नोंदवूनच घेते. थोडा खर्च होतो, पण नंतरची झोप शांत लागते.

पेंटिंगचं एक वाक्यात सांगून टाकते. रंग फिका पडणं ही झीज आहे. भिंतीवर मुलांनी क्रेयॉनने काढलेला हत्ती ही झीज नाही.

झीज कोणती, नुकसान कोणतं

इथेच खरी वादावादी होते, म्हणून जरा थांबून सांगते.

दारापासून सोफ्यापर्यंत चालून चालून गालिच्यावर एक वाट पडते, तंतू दबतात. ती झीज. खिडकीसमोरचा पट्टा उन्हाने विटतो, तीही झीज. दिवाणाच्या पायांचे खड्डे पडतात, तीही झीजच, आणि ती बरीच दुरुस्त होते, पुढे सांगते. सावजी रश्श्याचा डाग, इस्त्रीने जळलेला त्रिकोण, कुत्र्याने ओला केलेला कोपरा, हे नुकसान. ते किरायेदाराच्या पदरात.

मधली एक जागा आहे, कूलरची. आपल्याकडे मार्चअखेरीपासून खिडकीत कूलर बसतो तो थेट पावसाळा लागेपर्यंत. खालचा टप गळतो, स्टँडचे लोखंडी पाय गंजतात, आणि गालिच्यावर चार तपकिरी गोल उमटतात, शिवाय ओल्या खसचा वास मुरतो. कूलर मालकाचा असेल आणि टप आधीपासून गळत असेल, तर तुम्ही त्याला ते लेखी कळवलं होतं का, यावर सगळं आहे. कळवलं असेल तर त्याची जबाबदारी. एप्रिलपासून पाणी ठिबकतंय हे माहीत असून तुम्ही खाली एक फडकं टाकून गप्प बसला असाल, तर डाग तुमचा. कूलर तुमचा स्वतःचा असेल, तर प्रश्नच नाही.

आता पैशाचं. नुकसान झालं म्हणून मालक नव्या गालिच्याची पूर्ण किंमत मागत असेल, तर तसं देऊ नका. समजा गालिचा बारा हजारांचा, आठ वर्षं टिकेल असा, आणि सहा वर्षं वापरून झालेला. मग उरलेली दोन वर्षं, म्हणजे तीन हजार. यासाठी सरकारी तक्ता नाही, हा समजुतीचा हिशेब आहे, पण समोर कागदावर मांडून दाखवला की बहुतेक माणसं ऐकतात. मनीषनगरातल्या एका ओळखीच्या मुलीला मालकाने जुन्यापान्या गालिच्यासाठी अख्खं डिपॉझिट ठेवून घेतो म्हणून सांगितलं होतं. तिने त्यांना एवढंच विचारलं, "काका, घेतल्याचं बिल दाखवता का?" बिल निघालं दहा वर्षांपूर्वीचं. विषय संपला.

ज्यांची मुलं बाहेर शिकायला आहेत त्यांच्यासाठी सांगते, कारण तिकडे गालिचा घरोघरी असतो आणि हीच भांडणं तिथे जास्त होतात. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्यानंतर मालक भाडेकरूला व्यावसायिक सफाईचे पैसे सक्तीने भरायला लावू शकत नाही. घर घेतलं तेवढं स्वच्छ परत मिळावं एवढंच मागू शकतो. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून 21 दिवसांत मालकाला कापलेल्या रकमेचा तपशील द्यावा लागतो आणि उरलेलं डिपॉझिट परत करावं लागतं. हे नियम तिथले. बेसा रोडवर ते दाखवून उपयोग नाही.

किल्ली घेताना

सामान आत यायच्या आधी, दिवसाउजेडी, पडदे सरकवून गालिच्याचे फोटो काढा. पूर्ण गालिचा एकदा, मग चारही कोपरे, मग प्रत्येक जुना डाग जवळून. डागाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. एक कोपरा उलटवून मागची बाजूही घ्या. मागे लेबल असतं, त्यावर लोकर आहे की नायलॉन की पॉलिप्रोपिलीन ते कळतं, आणि हे धुताना फार कामाचं. मग ते सगळे फोटो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा: "आज ताबा घेताना गालिच्यावर हे डाग होते." त्याने "ओके" टाकलं की काम झालं. नाही टाकलं तरी तारीख-वेळ राहतेच.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक किरायेदाराला मीच फोटो काढायला लावते. त्यांना वाटतं, बाई भारी कटकटी. पण मग सोडताना आमच्यात आवाज चढत नाही.

आता साफ करायचं

घर सोडायच्या निदान आठवडाभर आधी सुरू करा. सामान बांधून झाल्यावर, टेम्पो दारात उभा असताना गालिचा ओला केला, तर तो ओलाच गुंडाळला जातो आणि आठ दिवसांनी मालकाला कुबट वास येतो. तो वास तुमच्या नावावर.

पहिलं काम कोरडं. गालिचा सुटा असेल तर गच्चीवर नेऊन कठड्यावर उलटा टाका आणि मागून झोडपा. आधी मागून, कारण माती तंतूंच्या मुळाशी बसलेली असते. मे महिन्यातल्या वावटळीची धूळ किती आत जाते ते हे केल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या वाळत घातलेल्या पापड-कुरडयांकडे लक्ष ठेवा, नाहीतर डिपॉझिटच्या आधी शेजारणीशीच भांडण. मग व्हॅक्यूम, एकदा उभा, एकदा आडवा, सावकाश. व्हॅक्यूम नसेल तर ताठ केसांच्या ब्रशने एकाच दिशेने झाडा. कोरडी माती काढल्याशिवाय पाणी लावलं, तर आत चिखल होतो. बाकी काही वाचायचा कंटाळा आला तरी हे एवढं करा.

वासासाठी खायचा सोडा चाळणीने भुरभुरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी व्हॅक्यूम करा. नायलॉन, पॉलिप्रोपिलीनला चालतं. लोकरीला थोडाच टाका आणि ओला होऊ देऊ नका, सोडा ओला झाला की लोकरीला बाधतो.

मग रंगाची चाचणी. सोफ्याखाली जो कोपरा झाकलेला असतो तिथे ओलं पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग आला तर घरी पाणी लावू नका, सरळ ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. तागाच्या, काथ्याच्या गालिच्यालाही पाणी लावायचं नाही, तो तपकिरी पडतो आणि ते जात नाही.

तर्रीचा डाग

नागपूरच्या घरात गालिच्यावर पडणारा पहिला डाग चहाचा आणि दुसरा तर्रीचा. चहाला फार काही लागत नाही, टिपलं आणि कोमट पाण्याने पुसलं की बहुतेक जातो. तर्री मात्र तीन शत्रू एकत्र घेऊन येते: तेल, हळद आणि तिखटाचा लाल रंग.

दिरांच्या फ्लॅटमध्ये एम्सचे दोन तरुण डॉक्टर राहत होते. रविवारी सकाळी कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले, आणि पिशवी फुटली ती नेमकी बदामी गालिच्यावर. फोन आला, "काकू, साबण लावला तर सगळं लालभडक झालं! रंग जळला का?" मी म्हटलं, "काहून घाबरून राहिले? हळदीला साबण लागला की ती लालच होते." आपल्या आजीने हळदीला चुना लावून कुंकू केलेलं पाहिलं असेल तर हे वेगळं सांगायला नको. साबण अल्कधर्मी, चुनाही अल्कधर्मी. रंग जळत नाही, साबण धुऊन निघाला की परत पिवळा होतो.

मग करायचं ते असं. आधी चमच्याच्या कडेने घट्ट भाग उचला, नेहमी बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. घासू नका. घासलं की तेल मुळात जातं आणि तंतू पिंजतात. मग वर कॉर्नफ्लॉर किंवा साधी टाल्कम पावडर जाड थर देऊन टाका, अर्धा तास ठेवा. ती तेल पिऊन पिवळी-केशरी होते. झाडून टाका, पुन्हा टाका. तेल निघेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

त्यानंतर वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. पांढऱ्या सुती फडक्याचा बोळा त्यात बुडवून, पिळून, डागावर दाबायचा आणि उचलायचा. फडक्याची जागा बदलत राहायची. जुनं धोतर किंवा पांढऱ्या पंच्याचा तुकडा यासाठी फार चांगला, रंगीत टॉवेल नको. मग साध्या पाण्याने तसंच टिपत साबण काढा. साबण आत राहिला तर तिथे धूळ चिकटते आणि पंधरा दिवसांत काळा डाग दिसायला लागतो. शेवटी पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून एकदा टिपलं की उरलेला साबण मरतो.

तरी पिवळी झाक राहीलच. ती उन्हाने जाते. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आणि भरपूर. डाग तेवढा उघडा ठेवून बाकी गालिच्यावर जुनी चादर टाका, नाहीतर गालिच्याचाच रंग उतरेल. त्या डॉक्टर मुलांनी गच्चीवर असंच केलं. मी पाहायला गेले तेव्हा डाग कुठे होता ते त्यांनाच शोधावं लागलं.

एक गंमत सगळ्यांसोबत होते. डाग गेला म्हणून माणूस झोपतो, आणि सकाळी तो परत आलेला असतो. तो नवा नाही. खाली मुरलेलं पाणी वाळताना वर चढतं आणि आतला रंग सोबत आणतं. त्यासाठी रात्री डागावर कोरड्या पांढऱ्या कापडाची जाड घडी ठेवा आणि वर वजन द्या. मी वरवंटा ठेवते, पॉलिथिनमध्ये गुंडाळून. वर येणारा रंग कापड पिऊन घेतं.

बाकीचे डाग, भराभर

कूलरच्या गंजाला ब्लीच लावू नका, गंज आणखी पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवा आणि साध्या पाण्याने टिपून काढा. कोपऱ्यात चाचणी आधी. लोकरीच्या गालिच्याला ब्लीच कुठल्याच डागासाठी नाही, ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर टाइल्सवर असतील तर पातळ व्हिनेगरने जातात, पण मार्बल आणि मोझॅकवर कोणतंही आम्ल नको, फरशी खाल्ली जाते. आणि मग गालिच्यापेक्षा मोठं बिल येतं.

मेणबत्तीचं मेण असेल तर बर्फाने कडक करून खरवडा, उरलेलं जुन्या वर्तमानपत्रावरून नाही, तर साध्या कोऱ्या कागदावरून कोमट इस्त्री फिरवून टिपा. वर्तमानपत्राची शाई उतरते. च्युइंगगमलाही बर्फच. देवघरातल्या तेलाला तर्रीसारखंच करायचं. जनावराच्या मुताला एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा. अमोनियाचं काही लावू नका, कुत्रा पुन्हा तिथेच जातो.

दिवाणाच्या पायांच्या खड्ड्यांत बर्फाचा खडा ठेवा. तो विरघळून ओल आत जाते आणि तंतू फुगतात, मग चमच्याने किंवा बोटांनी वर उचला. इस्त्रीने वितळलेला तंतू मात्र परत येत नाही. तिथे पलंगाखालून तुकडा कापून ठिगळ लावणारे कारागीर असतात, पण मालकाला विचारल्याशिवाय कात्री लावू नका.

सफाईवाल्याला बोलवायचं असेल तर

करारात तशी अट असेल, किंवा चिकटवलेलं कार्पेट असेल, तर माणूस बोलवाच. फोनवर दर चौरस फुटाने आहे की पूर्ण गालिच्याचा, ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो काय करणार ते विचारा. नीट काम करणारा आधी कोरडं व्हॅक्यूम करतो, मग शाम्पू, आणि मग ते पाणी मशीनने परत ओढून घेतो. नुसता फेस करून वरून फडकं मारणारे पुष्कळ आहेत. "पाणी ओढायचं मशीन आणणार ना?" एवढा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, बाईला माहिती आहे. चिकटवलेल्या कार्पेटमध्ये पाणी जास्त मुरलं तर खालचा गोंद सुटतो आणि कडा उचलतात, म्हणून तिथे ओढणारं मशीन नसेल तर काम देऊच नका.

बिल घ्या. साध्या पावतीपुस्तकावरचं असलं तरी चालेल, पण त्यावर तारीख, फ्लॅटचा पत्ता आणि "गालिचा सफाई" हे शब्द हवेत. मालक उद्या म्हणाला की सफाई केलीच नाही, तर हाच कागद दाखवता येतो. आणि मालकाने त्याच्याच माणसाकडून करून घ्या असं सांगितलं, तर आधी दर विचारा आणि दुसरीकडचा एक दर काढून ठेवा. फरक फार असेल तर तसं लिहून कळवा.

वाळवायचं कधी, हे आपल्या शहरात ऋतूवर आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी धुतलेला गालिचा संध्याकाळपर्यंत खडखडीत होतो. जून अर्धा सरला आणि पाऊस लागला की ओली धुलाई टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये घर सोडायचं असेल तर कोरडी सफाई, सोडा, आणि फक्त डाग तेवढे टिपणं, यावर भागवा. त्यातूनही ओला झालाच तर खाली दोन खुर्च्या आडव्या टाकून गालिचा उचलून ठेवा, दोन्ही बाजूंनी पंखा लावा. कूलर लावू नका. हसू नका, लावलेला पाहिला आहे.

किल्ली देताना

मालकाला किंवा त्याच्या माणसाला दिवसा बोलवा. रात्री ट्यूबलाइटमध्ये सगळेच गालिचे मळके दिसतात. सामान निघालेलं असावं, गालिचा पूर्ण उघडा असावा. सुरुवातीचे फोटो फोनवर उघडून ठेवा आणि त्याच कोनातून नवे काढा. मग साध्या कागदावर ताबा पावती करा. त्यात घराचा पत्ता, ताबा दिल्याची तारीख, किल्ल्या किती, विजेच्या मीटरचं आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग, गालिच्याची स्थिती एका ओळीत, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते. दोघांच्या सह्या. कागद करायला लाजू नका. "काका, तुमच्याही रेकॉर्डला राहील" म्हटलं की कोणी रागावत नाही.

मालक बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, आणि कॉल संपल्यावर लगेच लिहून पाठवा.

मग डिपॉझिट अडलं, तर मेसेज असा करा. मी आमच्या भाचीला लिहून दिला होता, तोच देते:

"नमस्कार काका. 31 मे रोजी आपल्या समक्ष फ्लॅटचा ताबा दिला आहे. गालिचा साफ करून दिला आहे, सफाईची पावती व ताबा घेतानाचे आणि देतानाचे फोटो सोबत पाठवत आहे. गालिच्यापोटी काही रक्कम कापायची असल्यास कोणत्या नुकसानीसाठी, किती, आणि त्याचं बिल कृपया कळवावं. बाकी डिपॉझिट ठरल्याप्रमाणे 15 दिवसांत खात्यात जमा करावं ही विनंती."

सूर असाच ठेवा. "तुम्ही फसवून राहिले" असं लिहिलं की माणूस हट्टाला पेटतो. या मेसेजला दहा-पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच मुद्दे स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर वकिलाची नोटीस. बहुतेक प्रकरणं नोटिसीपर्यंत जातच नाहीत, कारण गालिच्यासाठी कोर्टाची पायरी चढणं मालकालाही परवडत नाही.

उलट बाजूने, मालकाने खरोखरचं नुकसान दाखवलं, बिल दिलं, आणि रक्कम वाजवी असेल, तर घासाघीस करत बसू नका, कापू द्या. पुढच्या घरमालकाने आधीच्या मालकाला फोन करून चौकशी करण्याची पद्धत नागपुरात अजून आहे. मी तर करतेच.

डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मगच ते फोटो फोनमधून काढा. सफाईची पावती आणि ताबा पावती मात्र कराराला टाचून फाइलमध्येच राहू द्या.